म्हापशाचे टॅक्सवाले सर, अर्धं तुझं अर्धं माझं, आणि आमचं लग्नानंतरचं पहिलं रिटर्न

पहिली गोष्ट, शुक्रवारी जाऊ नका. शुक्रवारी म्हापशाचा बाजार असतो, गाडी लावायला जागा मिळत नाही आणि सरांचं अर्धं गिऱ्हाईक बाजाराची पिशवी घेऊनच वर येतं, त्यामुळे ऑफिसात सुक्या सुंगटांचा वास आणि इन्कम टॅक्स दोन्ही एकत्र सहन करावं लागतं. ऑफिस पहिल्या मजल्यावर, खाली भुसारी दुकान, जिना अरुंद, पाटीवरचा रंग केव्हाच उडालाय. सरांचं नाव इथे टाकत नाही कारण त्यांनीच सांगितलं, "बाय, रिव्ह्यू बिव्ह्यू काय लिहिणार ते लिही, पण नाव नको, आहेत तीच माणसं आवरत नाहीत." तर नाव न घेता लिहिते, म्हापशाच्या लोकांना कळायचं ते कळेल.

स्टार द्यायचे तर साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

आमचं असं झालं की मार्च २०२४ मध्ये आमची दुसरी सही झाली. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे लग्न म्हणजे मांडव-अक्षता नंतर, आधी सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोन फेऱ्या. पहिल्या सहीला आम्हाला लग्न करायचंय असं लिहून द्यायचं, मग नोटीस लागते, मग दुसरी सही. कायद्याच्या दृष्टीने तीच लग्नाची तारीख, अक्षता मेमध्ये पडल्या तरी. म्हणजे १ एप्रिल २०२४ पासूनचं अख्खं वर्ष आम्ही नवरा-बायको, आणि त्या वर्षाचं रिटर्न भरायचं २०२५ मध्ये. माझं माहेर डिचोली, सासर मांद्रे. मी म्हापशात एका कंपनीत एचआरला आहे, वर्षाला साडेसात लाख पगार. नवऱ्याचं हार्डवेअरचं दुकान, शिवाय सासऱ्यांनी त्याच्या नावावर केलेला एक गाळा भाड्याने दिलेला.

आता लग्न झालं म्हटल्यावर प्रत्येकाने सल्ला दिला की यंदापासून तुम्ही जॉइंट भरा. कसं भरायचं ते मात्र कोणालाच माहीत नाही. माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते, ती व्हिडिओ कॉलवर मला समजावत होती की तिकडे नवरा-बायको मिळून एकच रिटर्न भरतात, मॅरिड फायलिंग जॉइंटली म्हणतात, आणि ३१ डिसेंबरला जरी लग्न लावलं तरी अख्खं वर्ष लग्न झालेलं धरतात. मला ते इतकं आवडलं की मी नवऱ्याला म्हटलं बघ, डिसेंबरात लग्न करणारे हुशार. पण ते तिकडचं. भारतात अशी सोय नाही, लग्न झालं तरी पॅन दोन, रिटर्न दोन. २०२५ च्या बजेटच्या आधी सीएंच्या इन्स्टिट्यूटनेच सरकारला सुचवलं होतं की नवरा-बायकोला हवं तर एकत्र भरू द्या, पण त्याचं काही झालं नाही.

तर पहिल्यांदा आम्ही काय केलं, मोबाइलवर सारखी जाहिरात दिसणारी एक सेवा घेतली. नाव घेत नाही, दोघांचे मिळून बाराशे रुपये, चॅटवर एक्सपर्ट. फॉर्म-१६ अपलोड करा, बँक स्टेटमेंट अपलोड करा, मॅम थोडा वेळ द्या मॅम. मी विचारलं आमचं लग्न झालंय तर काही वेगळं करायचं का, त्यावर उत्तर आलं, मॅम, इंडियात जॉइंट फायलिंग नसतं. बरोबरच आहे म्हणा. माझा आयटीआर-१ (साध्या पगारदारांचा फॉर्म) भरला, नवऱ्याचा आयटीआर-४ (छोट्या धंदेवाल्यांचा), दोघांनाही टॅक्स शून्य, स्क्रीनवर रंगीत फुगे उडाले. मी तर त्या फुग्यांचा स्क्रीनशॉट स्टेटसला ठेवला होता. आज आठवलं की कसंसंच होतं.

मग आली चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. २७ ऑगस्टला चवथ होती, आदल्या दिवशी घरात माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची चौकट) बांधायचं चाललेलं, मी खालून सुपारीचे घोस आणि आंबाडे हातात देत होते आणि नवऱ्याचे काका शिडीवर. काका तलाठी होते, रिटायर झालेत, त्यांना कागदाचा वास येतो. सहज म्हणाले, "रिटर्न झाली? फाइव्ह-ए केलंत मगो?"

मी म्हटलं काका, ते काय?

काका शिडीवरून खाली उतरले. म्हणजे खरंच उतरले, हातातला आंबाड्याचा झुपका तसाच धरून, आणि मला विचारलं, "लग्न गोंयांत रजिस्टर केलां मगो? करार-बिरार केला नाय?" नाही केला म्हटलं. "मग अर्धं-अर्धं करूंक जाय." एवढं बोलून परत शिडीवर. माझी चवथ गेली त्यातच, नेवऱ्या तळताना पण डोक्यात फाइव्ह-ए.

रात्री त्या चॅटवाल्या एक्सपर्टला विचारलं की आमचं रिटर्न फाइव्ह-ए प्रमाणे भरलंय का. दहा मिनिटांनी उत्तर, मॅम तुम्हाला ८०सी म्हणायचंय का? तिथेच मी फोन उलटा ठेवला.

फाइव्ह-ए म्हणजे काय ते मला सरांनी सांगितलं ते असं. गोव्यात अजून १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड कौटुंबिक बाबतीत चालतो, १९६१ ला पोर्तुगीज गेले पण तो राहिला. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र, अर्धा हिस्सा याचा, अर्धा तिचा. हे आम्हा गोंयकारांना लहानपणापासून माहीत असतं, शेत विकायचं म्हटलं की बायकोची सही लागते, भांडण झालेलं असलं तरी बायकोला गाडीत घालून सब-रजिस्ट्रारकडे न्यावं लागतं. पण मालमत्ता अर्धी-अर्धी तर तिच्यातून येणारं उत्पन्न कोणाचं, टॅक्स कोणी भरायचा, यावर बरीच वर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या, दोघांना मिळून एक धरायचं की वेगळं. शेवटी १९९४ च्या फायनान्स अ‍ॅक्टने इन्कम टॅक्सच्या कायद्यात कलम ५ए घातलं, आणि तेही मागच्या तारखेने, १ एप्रिल १९६३ पासून लागू. त्यात म्हटलंय की या पद्धतीत येणाऱ्या नवरा-बायकोचं घरभाडं, धंदा, व्याज, शेअर-जमिनीचा नफा, सगळं अर्धं-अर्धं करून दोघांच्या रिटर्नमध्ये वेगवेगळं दाखवायचं. पगार मात्र ज्याचा त्याचा. दमण-दीव, दादरा-नगर हवेलीलाही हेच.

म्हणजे जॉइंट रिटर्न नाही, पण त्याच्या जवळ जाणारं भारतात काही असेल तर ते आमच्याकडे. आणि ते आम्हालाच माहीत नव्हतं.

चवथीनंतरच्या मंगळवारी सरांकडे गेलो. टोकन बिकन नाही, बाकड्यावर बसायचं आणि आपल्या आधी कोण होतं ते आपणच लक्षात ठेवायचं. आमच्या आधी एक शॅकवाले, एक रिटायर्ड मास्तर आणि एक आजी पासबुकांचा गठ्ठा रबरबँड लावून घेऊन बसलेल्या. पंखा फिरतो पण वारा सरांच्याच टेबलावर, म्हणून सगळ्या कागदांवर वजन म्हणून शहाबादीचे तुकडे ठेवलेत.

मला जे आवडलं ते हे की सरांनी कागद बघायच्या आधी प्रश्न विचारले. लग्नाची नोंद कुठे. तारीख काय. करार केला होता का. दोघांचे आईवडील गोव्यातले का. पगार कोणाला. दुकान कोणाच्या नावावर, लग्नाच्या आधीपासूनचं की नंतरचं. गाळा कोणाचा. एफडी कोणकोणत्या बँकेत, आणि इथे त्यांनी चष्म्यावरून नवऱ्याकडे बघितलं, "सगळ्या सांगा हां, बायको बसलीय म्हणून लपवू नका, एआयएसमध्ये, म्हणजे इन्कम टॅक्सकडे तुमच्या पॅनवरची जी यादी असते तिच्यात, दिसतंच." त्या मोबाइलवाल्या सेवेने आमच्याकडून अठरा का वीस कागद घेतले आणि यातला एक प्रश्न विचारला नाही. मॅरिटल स्टेटस मॅरिड एवढं टिक करून घेतलं होतं, ते बहुतेक फुगे उडवायला.

मग सरांनी एक पाठकोरा कागद घेतला, निळ्या पेनाने मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे माझं नाव, उजवीकडे नवऱ्याचं. पट्टी नाही, हाताने मारलेली, पण एकदम सरळ. तो कागद मी मागून आणलाय, फ्रिजवर लावलाय, त्यावरचेच आकडे सांगते म्हणजे कळेल.

माझा पगार ७,५०,००० त्यातून स्टँडर्ड डिडक्शन ७५,००० गेले, राहिले ६,७५,०००. माझं एफडीचं व्याज १०,०००. नवऱ्याचा दुकानाचा नफा ४,००,००० (उलाढाल पन्नास लाख, त्याच्या आठ टक्के धरून). गाळ्याचं भाडं वर्षाचं दीड लाख, त्यातून तीस टक्के वजा होऊन १,०५,०००. आणि त्याचं व्याज १५,०००.

वेगवेगळं भरलं तर माझे ६,८५,००० होतात, त्याचे ५,२०,०००. २०२४-२५ ला टॅक्सच्या नव्या पद्धतीत सात लाखांपर्यंत रिबेट होता, म्हणजे तेवढ्यावर टॅक्स माफ, म्हणून दोघांनाही शून्य. म्हणून ते फुगे.

आता रेघेच्या दोन्ही बाजूला वाटणी केली. त्याच्या ५,२०,००० मधले २,६०,००० माझ्याकडे आले. माझ्या दहा हजार व्याजातले पाच त्याच्याकडे गेले. माझा पगार तसाच माझ्याकडे. माझं झालं ९,४०,०००, त्याचं झालं २,६५,०००. तो तीन लाखांच्याही खाली, त्याला काहीच नाही. मी सात लाखांच्या वर गेल्यामुळे रिबेट गेला, टॅक्स ४४,०००, सेस धरून ४५,७६०. वर अ‍ॅडव्हान्स टॅक्स भरला नाही म्हणून व्याज, सगळं मिळून ५०,८१०.

मी तो आकडा दोनदा वाचला. मग सरांना विचारलं की दुकान त्याचं, गाळा त्याचा, आणि टॅक्स माझ्या नावावर? सर म्हणाले दुकान तुमचं दोघांचं, हेच तर कायदा सांगतोय. मग म्हणाले की हे कलम पगारदार बायकोला टोचतं, पण सगळ्यांनाच नाही टोचत. समजा बायको घरी आहे आणि नवऱ्याच्या धंद्याचा नफा बारा लाख. एकट्याचं धरलं तर त्या वर्षी ८३,२०० टॅक्स. अर्धं-अर्धं केलं की सहा-सहा लाख, दोघांनाही रिबेट, शून्य. "त्या लोकांना मी फाइव्ह-ए सांगतो तेव्हा ते मला काजू आणून देतात. तू काय आणणार मला ठाऊक आहे." यावर बाकड्यावरच्या आजी हसल्या, म्हणजे त्या सगळं ऐकत होत्या.

आता नवऱ्याचा पराक्रम. त्याने पोर्टलवर आधीच बघून ठेवलं होतं की फॉर्ममध्ये एक प्रश्न येतो, तुम्ही पोर्तुगीज सिव्हिल कोडमध्ये कलम ५ए खाली येता का, हो किंवा नाही. तो म्हणाला, सर, नाही टिक करूया ना, भरलेलं आहेच, शून्य आलंय, कोण बघतंय.

सर चिडले नाहीत. पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, उद्या गाळा विकायला काढलात की सब-रजिस्ट्रारकडे सांगणार आम्ही कम्युनियनमधले, म्हणजे एकत्र मालमत्तावाले, ही बायको, घ्या तिची सही. आणि इन्कम टॅक्सला सांगणार आम्ही त्यातले नाही. एकाच लग्नाची दोन उत्तरं कशी देणार? मग वर हेही म्हणाले की तुम्हाला नाही टिक करून पाहिजे असेल तर करून देणारे खाली रस्त्यावर चार आहेत, माझ्याकडे होणार नाही. नवरा गप्प. मला त्या क्षणी सर फार आवडले आणि ५०,८१० अजिबात आवडले नाहीत, दोन्ही एकदम.

घरी येताना शिवोली-चोपडेवरून आलो आणि चोपड्याच्या पुलापर्यंत कोणी बोललं नाही. टॅक्सचं ठीक आहे, माझं डोकं अडकलं होतं ते पंधरा हजार व्याजावर. पंधरा हजार व्याज म्हणजे दोन लाखांच्या वर एफडी. ती मला माहीतच नव्हती. पुलावर मी विचारलं. तो म्हणाला लग्नाच्या आधीची आहे, बहिणीच्या वेळी ठेवलेली, सांगायचं राहून गेलं. राहून गेलं! दीड वर्ष! मग मीही कबूल केलं की माझ्या दहा हजारातली एक एफडी आईच्या सांगण्यावरून डिचोलीच्या सोसायटीत ठेवलीय आणि मलाही सांगायचं राहून गेलं होतं. एकमेकांना हे विचारायला आम्हाला दीड वर्षात जमलं नव्हतं, एका फॉर्मच्या कोष्टकाने बाहेर काढलं. सासूबाईंना हा भाग अजून माहीत नाही, त्या फेसबुकवर नाहीत म्हणून लिहितेय.

पैसे कोणी भरायचे यावर एक रात्र गेली. चलन माझ्या पॅनवर, उत्पन्न वाढलं त्याच्यामुळे. मी म्हटलं तू भर. त्याने त्याच्या खात्यातून मला ट्रान्सफर केले आणि मोठा उपकार केल्यासारखं तोंड केलं. दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता माझ्या लक्षात आलं की सरांच्या कागदाप्रमाणे त्याच्या खात्यातले तरी अर्धे माझेच. म्हणजे मी माझ्याच पैशांनी माझा टॅक्स भरला आणि वर त्याचे आभार मानले.

कामाचं सांगते. २०२५ मध्ये मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर केली होती, शेवटी पोर्टल अडकल्यामुळे आणखी एक दिवस मिळाला, पण सरांनी आमचं ९ तारखेलाच चलन भरून रिव्हाइज्ड टाकलं. एकदा भरलेलं रिटर्न चुकलं असेल तर रिव्हाइज्ड भरता येतं, आमच्या वर्षाला ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत होतं, त्यामुळे घाबरून जाऊ नका. उत्पन्न अर्धं-अर्धं करायचं असेल तर आयटीआर-१ आणि ४ चालत नाहीत, मोबाइलवालीने नेमके तेच दोन भरले होते. सरांनी दोघांचाही आयटीआर-३ भरला. त्यात शेड्यूल ५ए म्हणून एक तक्ता असतो, जोडीदाराचं नाव, पॅन, आधार टाकायचं, मग घरभाडं, धंदा, भांडवली नफा, इतर, प्रत्येकाच्या समोर एकूण किती आणि त्यातलं जोडीदाराला किती. टीडीएस कापला असेल तर तोही तसाच वाटून दाखवायचा. एआयएसमध्ये सगळं ज्याच्या पॅनवर आलं त्याच्याच नावावर दिसतं, तिथे पोर्तुगाल बिर्तुगाल कळत नाही, त्यामुळे आकडे जुळत नाहीत आणि हा तक्ता नीट भरलेला असला तरच उद्या कोणी विचारलं तर दाखवायला काहीतरी राहतं. नवऱ्याच्या काजूचं उत्पन्न पण सरांनी विचारून लिहिलं. शेतीला टॅक्स नाही, पण पाच हजारांच्या वर असेल तर त्या एकाच कारणाने पण आयटीआर-१ चालत नाही. आमच्या काजूंचे यंदा साडेतीन हजार झाले, बाकीचे माकडांनी खाल्ले, त्यांच्याकडून टॅक्स घ्या.

नव्या नवऱ्यांना आणि नव्या नवऱ्यांच्या बायकांना अजून एक. मी लग्नानंतर आधारवर आडनाव बदललं आणि पॅनवर नाही बदललं. वर ई-व्हेरिफायला, म्हणजे भरलेलं रिटर्न पक्कं करायला, ओटीपी येईना, कारण आधारला नंबर वडिलांचा. डिचोलीला बाबांना फोन, बाबा बागेत, फोन घरात. ओटीपी येतो, संपतो, येतो, संपतो. तिसऱ्यांदा आईने वाचून दाखवला, एक आकडा चुकवून. सर म्हणाले आडनाव बदलायचं तर दोन्हीकडे बदला नाही तर कुठेच बदलू नका, अर्धवट नवरी करू नका. हे मात्र लिहून ठेवण्यासारखं.

आता तक्रारी, अर्धा स्टार इथे गेला. सर फोन उचलत नाहीत. म्हणजे अजिबातच नाही. व्हॉट्सअ‍ॅपला उत्तर रात्री साडेअकराला, ते पण "भाड्याची पावती?" एवढंच, कोणती पावती, कोणाची, काही नाही. सगळ्याची झेरॉक्स लागते आणि झेरॉक्सवाला खाली नाही, समोरच्या गल्लीत आहे आणि दुपारी एक ते चार बंद, गोवा आहे, तो झोपणारच. पार्किंगचं बोलले. फी दोघांची मिळून साडेचार हजार, रिव्हाइज्ड धरून, मला ती जास्त नाही वाटली पण आधी विचाराल तर सर सांगत नाहीत, काम बघून सांगतो म्हणतात, त्यामुळे दोन आठवडे धाकधूक. पावती मागितली तर दिली, पण मागावी लागली. आणि एक खुर्ची आहे डावीकडची, तिच्यावर बसू नका.

कोणी जावं, कोणी जाऊ नये. दोघंही नुसते पगारदार असाल आणि बचत खात्याचं थोडंसं व्याज सोडून काही नसेल तर अर्धं-अर्धं करून फारसा फरक पडत नाही, पण एकदा विचारून घ्या. दोघांपैकी एकाचा धंदा, भाडं, म्युच्युअल फंड विकलेले, जमीन विकलेली, असं काही असेल तर स्वस्तातलं अ‍ॅप बघू नका, ज्याने आयुष्यात शेड्यूल ५ए भरलंय अशाच माणसाकडे जा, सरांकडे नाही तर दुसऱ्या कोणाकडे. फर्म असेल आणि फर्मचं ऑडिट असेल तर पार्टनरच्या बायकोची मुदत पण ३१ ऑक्टोबर होते, २०२१ पासून हे आहे, शॅकवाल्यांना सर हेच समजावत होते ते मी बाकड्यावरून ऐकलं.

आणि पत्रादेवीच्या, म्हणजे गोव्याच्या हद्दीच्या, पलीकडच्यांनी हे वाचून गोंधळून जाऊ नका. माझा मामेभाऊ सावंतवाडीत असतो, त्याने माझा कागद बघून लगेच ठरवलं की तोही दुकानाचा अर्धा नफा बायकोच्या नावावर दाखवणार. नाही रे बाबा. तुमच्याकडे हे कलम नाही. उलट तिकडे नवऱ्याने बायकोला पैसे देऊन तिच्या नावावर एफडी केली तर ते व्याज पुन्हा नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. दोन्ही घरांत तासाभराचं अंतर, एकच भाषा, एकच माशाची आमटी, आणि इन्कम टॅक्सला एकदम उलटं.

पुढच्या वेळचं थोडं बरं आहे. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत रिबेट, त्यामुळे माझे नऊ-साडेनऊ लाख धरले तरी शून्य येणार असं सरांनी त्याच कागदाच्या मागे लिहून दिलंय. १ एप्रिल २०२६ पासून इन्कम टॅक्सचा नवा कायदा लागू, त्यात कलमांचे नंबर बदललेत, पण पोर्तुगीज कोडवाल्यांचं अर्धं-अर्धं तसंच आहे, म्हणजे काकांना आता नवीन नंबर पाठ करावा लागणार.

जूनच्या पहिल्या आठवड्यात या म्हणालेत, पावसाआधी, जिना निसरडा होतो म्हणून. नवऱ्याने काजूची बी एक किलो बाजूला काढून ठेवलीय सरांसाठी. मी विचारलं, यातली अर्धी माझी ना?